सगळे कागद घेऊन या!

प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, हे सगळ्या पंचाइतीचं मूळ आहे. प्रत्येक प्रश्नाला चार आणे आकार बसवला असता, तर आपल्याकडचे सगळे अर्ज पोस्टकार्डावर मावले असते. पण तसं नाही. एखाद्या गृहस्थाला दुपारच्या चहानंतर वाटतं, अर्जात 'घरातील एकूण व्यक्ती' हा रकाना बरा दिसेल. पूर्वी तो पट्टी घेऊन रेघ ओढायचा. आता पट्टीही लागत नाही. संगणकावर बटण दाबलं की रेघ उमटते आणि तिच्या शेजारी लाल चांदणीही उमटते. लाल चांदणी म्हणजे, हा रकाना सोडलात तर गाठ माझ्याशी आहे! गृहस्थाचं काम झालं. तो घरी जातो. पुढं वीस वर्षं हजारो माणसं त्या रेघेवर आपापल्या घरातली डोकी मोजत बसतात, आणि त्या आकड्याचं पुढं काय होतं हे खुद्द त्या गृहस्थालाही सांगता येत नाही.

ह्या रकानेवाल्यांशी माझं जुनं वैर आहे आणि आज ते मला जाहीर करायचं आहे.

मी राहतो मानोऱ्याला. मुंबईत 'मनोरा' नावाचं आमदार निवास होतं, ते वेगळं. आमचा मानोरा वाशिम जिल्ह्यात. पोहरादेवी ज्या तालुक्यात आहे तो हा तालुका. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र 'मानोरा, जि. अकोला' असं लिहिलेलं आहे. कारण १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि मी बसल्या खाटेवरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. तेव्हापासून कुठल्याही अर्जातला 'जन्माचा जिल्हा' हा रकाना आला की माझ्या पोटात गोळा येतो. अकोला लिहिलं तर यंत्र म्हणतं, अकोला जिल्ह्यात मानोरा नाही. वाशिम लिहिलं तर खिडकीतल्या बाई म्हणतात, दाखल्याशी जुळत नाही. अहो, गावाचं नाव एकदा घेतलंत ना? मग जिल्हा तुमचा तुम्ही काढा की! जी गोष्ट दुसऱ्या उत्तरातून आपोआप निघते ती पुन्हा विचारली, की दोन उत्तरांत भांडण लागतं आणि मार अर्जदाराला बसतो. जन्मतारीख विचारून झाल्यावर खाली 'वय' विचारणारा माणूसही ह्याच जातीचा. त्याला वजाबाकी येत नाही म्हणून आपण दर वर्षी नवं उत्तर द्यायचं.

हा रोग फक्त सरकारी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो साफ खोटा आहे. माझा पुतण्या पुण्याला प्रोग्रॅम लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी आला, आणि तेव्हापासून वर्षातले तीन-चार महिने आमच्या माडीवर बसून पुण्याचं काम करतो. लाईट गेली की तो खाली येतो. आणि लाईट आमच्याकडं भरपूर वेळा जाते. त्यामुळं माझं शिक्षण बऱ्यापैकी झालेलं आहे.

त्याच्या धंद्याला 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणतात. मराठीत 'वस्तुनिष्ठ' म्हणावं तर परीक्षेतलं 'योग्य पर्याय निवडा' आठवतं, म्हणून मी भाषांतराच्या फंदात पडत नाही. १९६० च्या दशकात नॉर्वेत डाल आणि निगार्ड ह्या जोडीनं हे काढलं म्हणतात. प्रकार असा, की प्रोग्रॅमच्या पोटात लहान लहान कामकरी असतात, ते ऑब्जेक्ट. कामकऱ्याच्या दारावर पाटी असते: 'येथे अमुक काम करून मिळेल, त्यासाठी अमुक अमुक आणावे.' पाटी म्हणजे इंटरफेस. काम म्हणजे मेथड. आणि 'अमुक अमुक आणावे' ही जी यादी, ते पॅरामीटर. गंमत अशी की एकाच पाटीमागं आज एक कामकरी बसतो, उद्या दुसरा. पाटी वाचणाऱ्याला आत कोण बसलंय ह्याच्याशी कर्तव्य नसतं आणि नसावं.

हे मला एका झटक्यात कळलं, कारण आमच्याकडं पंगती उठतात. पंगतीचे आचारी दोन तऱ्हेचे. एक गॅसवर पोळ्या-बुंदी करणारा. दुसरा गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजणारा. यजमान दोघांनाही एकच सांगतो: "पाचशे पानं, गुरुवारी बाराला, मारुतीच्या पारावर." झालं! आता समजा, एखाद्या शहाण्यानं आचाऱ्यांची पाटी रंगवायला घेतली. रोडगेवाल्याला गोवऱ्या लागतात म्हणून त्यानं 'गोवऱ्या किती' हा रकाना घातला. गॅसवाल्यासाठी 'सिलिंडर किती' घातला. आता बुंदी खाऊ घालणाऱ्या यजमानानं 'गोवऱ्या : निरंक' लिहायचं आणि रोडगे घालणाऱ्यानं 'सिलिंडर : निरंक'. उद्या सूर्यचुलीवाला आचारी आला की 'ऊन किती'! अरे, पण पंगत यजमानाची आहे, चूल आचाऱ्याची आहे. गोवऱ्या कुठून आणायच्या हे आचाऱ्याला कामावर ठेवताना ठरवा, त्याचं बस्तान मांडताना त्याच्या ताब्यात काय द्यायचं ते द्या. दर पंगतीला ते यजमानाच्या गळ्यात कशाला?

पुतण्याचं आणि त्याच्या एका सहकाऱ्याचं भांडण नेमकं ह्यावरच पेटलेलं होतं. पैसे चुकते करणाऱ्या कामकऱ्यांची पाटी. सहकाऱ्यानं तिच्यावर आठ मागण्या लिहिलेल्या: रक्कम, कोणाला, खातं क्रमांक, बँकेचा आयएफएससी, युपीआयचा पत्ता, चेक क्रमांक, चेकची तारीख आणि शेवटी 'तातडीचं का? होय किंवा नाही'. चेकनं पैसे देणारा युपीआयचा पत्ता बघत नाही, युपीआयवाला चेकचा क्रमांक बघत नाही; पण प्रत्येकानं आठही गोष्टी हातात धरून दाराशी उभं राहायचं.

"काकाजी," पुतण्या म्हणाला, "त्याचं म्हणणं, ज्याला जे लागंन ते तो घेईन. बाकीचं सोडून देईन."

"आन् आननाऱ्यानं कायले आनाचं?" मी विचारलं. मी लिहितो शुद्ध, पण चिडलो की वऱ्हाडीत चिडतो.

कुणी म्हणेल, आठच तर आहेत! विंडोजमध्ये पडद्यावर नुसती एक चौकट उघडायची तर 'क्रिएट-विंडो-एक्स' ह्या कामकऱ्याला बारा गोष्टी द्याव्या लागतात, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी लोक मुकाट्यानं शून्य भरतात. पण मोठ्या घरी भाजी खारट होते म्हणून आपण मीठ जास्त घालायचं नसतं.

बरं, ह्यातलं शहाणपण आजचं नाही. डेव्हिड पार्नास नावाच्या गृहस्थांनी १९७२ सालीच एक लेख लिहून ठेवला. आपण इकडं दुष्काळात सुकडी वाटत होतो, ते साल. त्या लेखाचा मथितार्थ असा, की जे पुढं बदलण्याचा संभव आहे ते भिंतीआड ठेवा; दाराबाहेर येऊ देऊ नका. २०१६ साली युपीआय आलं. ज्याच्या पाटीवर 'रक्कम आणि कोणाला' एवढंच होतं, त्यानं आत एक नवा कामकरी बसवला आणि तो झोपायला गेला. ज्याच्या पाटीवर चेकची तारीख होती, त्याला पाटी बदलावी लागली, आणि पाटी बदलली की ती वाचून येणाऱ्या प्रत्येकाला आपलं गाठोडं पुन्हा बांधावं लागलं.

आता रकानेवाल्यांचे मुद्दे. त्यांच्याकडं मुद्दे असतात, आणि ते आवाज न चढवता मांडतात. तेच जास्त चीड आणणारं आहे.

पहिला मुद्दा: असू द्या, पुढंमागं लागेल. आमच्या आत्याबाईंचं कपाट ह्याच तत्त्वावर चालायचं. त्यात श्रीखंडाचे रिकामे डबे होते, मिठाईच्या पेट्यांचे दोरे होते, एका पायातली चप्पल होती. लागेल! पण आत्याबाई निदान स्वतःच्या कपाटात साठवायच्या. लोकांना रोज एक डबा घेऊन या असं सांगत नव्हत्या. आणि 'नंतर पाटी बदलता येत नाही, म्हणून आत्ताच विचारून घ्या' हेही खरं नाही. आपल्या राज्य सरकारनं २०२४ साली नावात आईचं नाव घालायचं ठरवलं. स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. मोठाच बदल. पण तो लागू केला १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांना. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कुणी दाखला बदलून आण म्हटलं नाही. आईचं नाव लावायला उशीर झाला, ही तक्रार मी ऐकून घेईन. पण जुन्यांची घडी न मोडता नवा रकाना कसा आणावा, ह्याचा तो चांगला नमुना आहे. (सरकारचं कौतुक एकदाच केलं आहे, ते पुन्हा येणार नाही.)

दुसरा मुद्दा: नसेल तर रिकामं सोडा. म्हणजे निरंक. प्रोग्रॅमच्या भाषेत त्याला 'नल' म्हणतात. टोनी होअर ह्या मोठ्या इंग्रज पंडितानं तो १९६५ साली काढला आणि २००९ साली भर सभेत सांगितलं, की ही माझी शंभर कोटी डॉलरची चूक. कारण रिकामी जागा रिकामी राहत नाही. आतला कामकरी तिथं काहीतरी आहे असं समजून हात घालतो आणि तोंडघशी पडतो.

आणि रिकामं सोडायची सोय नसेल, लाल चांदणी असेल, तर काय होतं? त्याची तऱ्हा आणखी वाईट. एका केंद्रावर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तांड्यावरची एक म्हातारी पगाराच्या अर्जाला आलेली. पगार म्हणजे निराधारांना महिन्याला मिळतात ते पैसे. तिकडं त्याला पगारच म्हणतात. अर्जात ई-मेलचा रकाना, त्यावर चांदणी. म्हातारीनं शांतपणे विचारलं, "बावा, हे कोन्त्या दुकानात भेटते?" केंद्रावरचा पोरगा चांगला होता. म्हणाला, "राहू द्या आजी, मी माह्यावाला टाकतो." आणि त्यानं स्वतःचा टाकला. त्या दिवशी त्यानं तो किती जणांना टाकला असेल, देव जाणे. आता त्या अर्जात काही खोट निघाली, अमुक कागद आणा असा निरोप सुटला, तर तो निरोप जाणार त्या पोराच्या पेटीत, शंभर निरोपांच्या ढिगाखाली. म्हातारी तांड्यावर पगाराची वाट बघत बसणार. आणि वर कुणीतरी तक्ता काढून म्हणणार, ई-मेल असलेले अर्जदार शंभर टक्के! ज्याला उत्तर नाही त्याला उत्तराची सक्ती केली, की माणूस खोटं बोलत नाही, रकाना खोटं बोलतो. पुतण्या म्हणतो, प्रोग्रॅममध्येही हेच. आयएफएससी सक्तीचा केला की पोरं तिथं अकरा शून्यं भरतात आणि पुढं जातात. आत कुणीतरी ती शून्यं खरी धरतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात हुशार. सहकाऱ्यानं दोन दिवसांनी तो मांडला: आठ मागण्या नकोत ना? मग एकच ठेवू. एक गाठोडं. त्यात सगळं भरा. ज्याला जे लागेल ते तो गाठोडं सोडून घेईल. पाटी कशी सुटसुटीत झाली!

वाचकहो, हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. खिडकीवर काय काय लागेल असं विचारलं की आतून येणारं ते उत्तर: "येताना सगळे कागद घेऊन या." मागणी एक, पण घरातली पेटी रिकामी. आठ रकान्यांत निदान काय मागितलंय ते दिसत तरी होतं. गाठोड्यात तेही दिसत नाही. तुम्ही गाठोडं उचलून नेता, आतला माणूस अर्धा तास उचकतो आणि म्हणतो, रेशनकार्ड नाही आणलं?

ह्यावर मला आमच्या एसटीचा कंडक्टर आठवतो. मानोरा-दिग्रस गाडीत तो विचारतो, "कुठं?" एवढंच. गाडीत कुठं चढलात ते त्याला माहीत असतं, म्हणून तो विचारत नाही. २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दर वेळी रकाना वाढवायचा म्हटला असता, तर त्यानं दारात विचारलं असतं: आपण स्त्री आहात का, होय की नाही, पंचाहत्तरीच्या पुढं आहात का, होय की नाही, लागू नसेल ते खोडा. दिग्रस आलं असतं, तरी तिकिटं संपली नसती. तो काहीच विचारत नाही. समोर माणूस बसलेला आहे, त्याच्याकडं बघतो. प्रश्नांच्या उत्तरांऐवजी प्रवासीच त्याच्या हातात येतो. पुतण्याच्या शास्त्रात ह्याला फार मान आहे म्हणतात: होय-नाहीच्या चिठ्ठ्या देऊ नका, वस्तूच द्या.

मग हेही गाठोडंच झालं की, असं सहकारी म्हणेल. नाही झालं. म्हातारबुवांनी आधारकार्ड दाखवलं तर कंडक्टर जन्मसाल बघतो आणि कार्ड परत देतो. पत्ता वाचत नाही, क्रमांक टिपून घेत नाही, झेरॉक्स काढून खिशात घालत नाही. त्याला आधार नको आहे, त्याला वय पाहिजे. ज्यावरून वय कळेल असं जे काही द्याल ते चालेल. उलट सिमकार्डाच्या दुकानापासून लॉजच्या काउंटरपर्यंत आपण किती झेरॉक्सा वाटल्या, त्याचा हिशेब कुणाकडं आहे? नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला पहिलं आधार दिलं गेलं, आणि खाजगी कंपन्यांनी ते सक्तीनं मागू नये असं म्हणायला सर्वोच्च न्यायालयाला २०१८ चा सप्टेंबर उजाडला. आठ वर्षं सगळा देश वय विचारलं की अख्खं कार्ड काढून देत होता.

क्रमाबद्दल थोडकं सांगतो. पीएचपी नावाची एक भाषा आहे. तिच्यात गंजीतून सुई शोधणारे कामकरी आहेत. एकाला आधी सुई द्यायची, मग गंजी. दुसऱ्याला आधी गंजी, मग सुई. का? काही कारण नाही. आमच्याकडं सोयाबीनची गंजी लावणारा मजूरसुद्धा इतका लहरी नसतो. २०२० साली त्या भाषेत वस्तूचं नाव सांगून ती देण्याची सोय झाली. ह्याचं मला फार हसू आलं, कारण मराठीत ही सोय आहेच. 'रामानं शामाला पुस्तक दिलं' म्हणा, नाहीतर 'शामाला रामानं पुस्तक दिलं' म्हणा. पुस्तक शामाकडंच जातं. देणाऱ्याला 'नं' लागलेला आहे, घेणाऱ्याला 'ला' लागलेला आहे. शाळेत विभक्तीचे प्रत्यय पाठ करताना आपण छड्या खाल्ल्या, त्या अगदीच वाया गेल्या नाहीत. स्मॉलटॉक नावाच्या भाषेनं १९७० च्या दशकातच हे ओळखलं होतं. तिच्यात प्रत्येक वस्तूच्या आधी तिचं प्रयोजन लिहावं लागतं. इतरांना शहाणपण सुचायला वेळ लागला.

मात्र मी रकान्यांचा सरसकट शत्रू आहे, असा समज करून घेऊ नका. काही प्रश्न विचारायलाच हवेत आणि नेमके तेच राहून जातात. सातबारावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते. शेतकरी बोलतो एकरात. अर्जात नुसतं 'क्षेत्र' लिहून पुढं रेघ. अडीच एकरवाला तिथं '२.५' लिहितो, आत ते हेक्टर म्हणून वाचलं जातं, आणि बिचारा कागदावर सहा एकरांचा धनी होऊन लहान शेतकऱ्यांच्या यादीतून उडतो. ह्यात मागासलेपणा वगैरे काही नाही. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचं मंगळाकडं गेलेलं यान ह्याच कारणानं गेलं. एका बाजूनं रेट्याचा आकडा पौंडांच्या हिशेबात दिला, दुसऱ्या बाजूनं तो न्यूटनच्या हिशेबात धरला. आकडा बरोबर होता. नुसता आकडा होता, एवढंच.

पुतण्याची पाटी शेवटी दोन मागण्यांवर आली: रक्कम आणि कोणाला. खातं, आयएफएससी, युपीआयचा पत्ता हे सगळं 'कोणाला' ह्या माणसाच्या घरात गेलं. चेकबुक चेकवाल्या कामकऱ्याच्या ताब्यात गेलं. त्यानं ते पुण्याला पाठवलं आणि तासाभरात तो खाली आला. लाईट असताना खाली आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सहकाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती: रक्कम पाचशे. पाचशे काय? त्यांची काही गिऱ्हाइकं परदेशात आहेत. रुपये की डॉलर?

"बरोबर इचारलं त्यानं," मी म्हणालो. "पन नवा रकाना नको घालू. रक्कम म्हंजे नुसता आकडा नाई. 'रुपये पाचशे' हे एकच हाय. तसंच बांधून दे."

तो वर गेला, तसं बांधून दिलं. सहकाऱ्याला ते पटलं, तसं त्यानं कळवलंही. आणि त्याच पत्रात खाली लिहिलं, की आता बदल चालूच आहेत तर ते 'तातडीचं का? होय किंवा नाही' तेवढं परत घालून टाकू.

"काकाजी, काय लिहू?"

"लिही का, घाई कोनाले हाय त्याचं नाव सांग."

परवा लिहिलं. अजून उत्तर नाही.